मुकादमाची मनगटं

लग्नानंतर दोनच वर्षांत मी भावाच्या घरी, अंबरनाथच्या बुवापाड्यात, परत आले. नवरा विषमज्वरानं गेला. त्याच्या आधी वर्षभर सासऱ्यांना अर्धांग होऊन ते खाटेवर पडलेले होते आणि त्यांचं हागणं-मुतणं, अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, सगळं माझ्याकडेच होतं. ते गेले तेव्हा त्यांच्या पाठीला एकही जखम नव्हती. ही गोष्ट माझ्या भावानं बुवापाड्यात चार जणांना सांगितली असणार, कारण मी अंबरनाथला येऊन महिना व्हायच्या आत त्याच्या कारखान्यातला एक फिटर आमच्या दारात उभा राहिला. त्याचे आईवडील कुळगावला राहत होते. वडील रेल्वेत रुळांची देखभाल करणाऱ्या गँगचे मुकादम होते, निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. आता त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"सकाळी आठच्या गाडीनं जायचं, पाचच्या गाडीनं परत यायचं," तो म्हणाला. "अंघोळ, जेवण, मालिश. आईच्यानं आता एकटीनं होत नाही."

मी हो म्हटलं. पायरी उतरता उतरता तो वळला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक सांगतो. आईच्या मधे पडू नकोस. ती जे करते ते तिला करू दे."

मला तेव्हा वाटलं, सासूसारखी कटकटी बाई असेल.

घर कुळगावात, बदलापूर स्टेशनापासून वांगणीच्या बाजूला, अगदी लाइनीला लागून होतं. कौलारू, मातीच्या भिंतींचं. मागचं दार उघडलं की वीस पावलांवर रुळांचा बांध. पण मागचं दार उघडत नसे. त्याला आतून आडणा होता आणि आडण्याला तारेचे वेढे. पुढच्या दाराला कडी बाहेरून, आत असताना बाजूच्या खिडकीतून हात घालून लावायची. घरात माणसं असताना बाहेरची कडी कशाला, असं मनात आलं, पण विचारलं नाही.

म्हातारी ठेंगणी, काटक होती. समोरचा एक दात पडलेला. बोलणं फार कमी. चैत्राचा उकाडा होता, तरी म्हाताऱ्याच्या अंगात लांब बाह्यांची जाड बंडी होती, मनगटापाशी नाड्यांनी बांधलेली. तो मधल्या खोलीत मेढीला टेकून बसला होता. मेढ म्हणजे छपराला आधार देणारा लाकडी खांब. उंच माणूस, रुंद खांदे, पण आता हाडांवर कातडं लोंबत होतं. मी पाया पडले तर त्यानं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "सकाळची मालगाडी गेली?"

"गेली म्हण," म्हातारी आतून म्हणाली.

"गेली," मी म्हटलं. तो गप्प झाला.

पहिल्या दिवशी अंघोळ घालायला मी बंडीची नाडी सोडायला गेले, तर म्हातारीनं माझा हात धरला. "वरचं अंग मी धुईन. तू पाठ बघ, पाय बघ." तिनं त्याला माझ्याकडे पाठ करून बसवलं. स्वतः समोर बसून तिनं त्याचे हात धुतले, पुसले आणि मी वळायच्या आत बाह्या परत खाली ओढून नाड्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही तसंच.

चौथ्या दिवशी ती विहिरीवर गेली असताना मी पाणी तापवलं आणि तिची वाट बघितली नाही. नाड्या सोडल्या, बाह्या वर केल्या.

दोन्ही मनगटांभोवती काळं-निळं वळं होतं. बांगड्या भरल्यासारखं. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या सालीसारखी असते, नुसती घासली तरी निघते. उजव्या हाताला आतल्या बाजूनं ती निघाली होती आणि तिथं ओल होती. मी मेढीकडे बघितलं. बसलेल्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर, मागच्या अंगाला, लाकूड गुळगुळीत होऊन चकाकत होतं. वरच्या खुंटीला जुन्या लुगड्याच्या काठाची एक पट्टी अडकवलेली होती, नीट घडी करून.

"कुणी केलं हे, बाबा?" मी विचारलं.

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं, जणू दुसऱ्याचेच आहेत. "काम आहे ना," तो म्हणाला. "कामात लागतं."

म्हातारी हंडा घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते मला कळलं नाही. तिनं हंडा खाली ठेवला, माझ्या हातातून तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी त्याच्या खांद्यावर ओतलं. त्या दिवसापासून तिनं माझ्यापासून लपवणं सोडलं. दुपारी जेवण झालं की ती त्याला मेढीला टेकवायची, हात मागे घ्यायची आणि पट्टीनं बांधायची. मग उंबऱ्यात जाऊन बसायची. लाइनीवरून गाडी जायला लागली की उठून उभी राहायची आणि शेवटचा डबा जाईपर्यंत बसायची नाही. आत तो खांदे हलवत राहायचा. ओरडायचा नाही. लाकडावर कापड घासल्याचा तो बारीक आवाज, खस्स, खस्स, मी भांडी घासत असले तरी मला ऐकू यायचा.

शेजारी एक भाजीवाली राहायची. तिनं मला एकदा पाण्यावर गाठलं. "बांधते ना त्याला?" तिनं विचारलं. मी कळशी भरत राहिले. "बांधणारच. जवानीत लई मारलाय त्यानं तिला. हातोड्याच्या दांड्यानं. आमी सगळ्यांनी बघितलाय. आता तिची पाळी हाय."

ते ऐकल्यावर माझं जेवणावरचं मन उडालं. म्हातारी त्याला भरवताना मी तिच्या हातांकडे बघायची. घास फार गरम तर नाही, तोंडात कोंबत तर नाही. तसं काही दिसायचं नाही. उलट ती भात बोटांनी कुस्करून पार मऊ करायची. पण दुपार झाली की खुंटीवरून पट्टी खाली यायचीच.

उजव्या मनगटाची ओल वाढली, तिला वास यायला लागला. मी मुलाला निरोप धाडला. रविवारी तो कॅम्पातल्या एका डॉक्टरला घेऊन आला. तेव्हा उल्हासनगरला सगळे कॅम्पच म्हणायचे. डॉक्टर सिंधी होता, पन्नाशीचा, सिंधमधून सगळं सोडून आलेला, बराकीत दवाखाना चालवायचा. त्यानं जखम धुतली, मलम लावलं, मनगटं उलटीपालटी करून बघितली. मुलगा तेवढ्यात बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. माझी खात्री होती की डॉक्टर आता म्हातारीला बोलणार.

तो तिला म्हणाला, "माई, कपडे के नीचे रूई रखो. और गाँठ हड्डी पर मत बांधो, थोडा ऊपर."

मला राग आवरला नाही. "डॉक्टरसाब, आप भी बांधने को बोलते है?"

त्यानं आपली बॅग बंद केली. "मेरी माँ बराक में है," तो म्हणाला. "रोज़ शाम को बोलती है, घर जाना है। कौन सा घर? वो तो अब दूसरे मुल्क में है। दो बार हाईवे पर मिली। हम बाहर से ताला लगाते हैं।" मग बॅग उचलून म्हणाला, "तुम अभी छोटी हो।"

मला वाटलं, ही सगळी म्हातारी माणसं शेवटी अशीच मारली जातात, कुलपं लावून आणि गाठी मारून, आणि डॉक्टरसुद्धा त्यात सामील असतात. त्याच आठवड्यात मी म्हाताऱ्याला सोडायला सुरुवात केली.

म्हातारी दुपारी सरपणाला जायची तेवढ्या वेळापुरतं. ती वळणाआड गेली की मी गाठ सोडायची, हातांना खोबरेल चोळायची, बोटं एकेक करून मोकळी करायची. तो डोळे मिटून घ्यायचा. मग बोलायचा, आणि ते बोलणं अगदी सरळ, शहाण्या माणसाचं. उन्हाळ्यात रूळ कसा लांबतो, दोन रुळांच्या मधे फट का ठेवतात, हातोडा मारल्यावर बसलेल्या सांध्याचा आवाज कसा येतो आणि ढिल्या सांध्याचा कसा. "कोळशाचं इंजिन लांबून कळतं," तो एकदा म्हणाला. "विजेचं चोरासारखं येतं. रुळाला हात लावल्याबिगर कळत नाय." ती यायच्या आत मी त्याला परत बांधायची, सैल. तो माझ्या हातात हात द्यायचा, लहान मुलासारखा. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. सात-आठ दिवस असे गेले.

वैशाख संपत आला होता. नदीपलीकडे जुन्या बदलापूर गावात म्हातारीची चुलत बहीण वारली आणि तिला तिकडे जावं लागलं. जाताना तिनं स्वतः त्याला बांधलं, कापूस घालून, मनगटाच्या जरा वर. गाठ दोनदा ओढून बघितली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी येईस्तवर सोडू नको. पाणी मागितलं तर तोंडाला लाव. रडला तरी सोडू नको."

म्हणजे तिला माहीत होतं. मी मान डोलावली.

ती नदीच्या वाटेला लागली आणि मी गाठ सोडली. हातांना तेल लावलं. तो म्हणाला, "पेज दे गो थोडी." मी आतल्या खोलीत चुलीवर पेज ठेवली. विस्तव विझत आला होता, फुंकणीनं फुंकावा लागला. धुरानं डोळे भरले. वाडगं घेऊन मधल्या खोलीत आले तर मेढीपाशी कुणी नव्हतं. पुढचं दार सताड उघडं. खिडकीतून हात घालून कडी लावायला मी विसरले होते.

ज्या माणसाला मी रोज दोन्ही काखांत हात घालून न्हाणीपर्यंत नेत होते, तो कितीसा लांब जाणार, असं वाटलं. अंगणात बघितलं, भाजीवालीच्या परसात बघितलं. मग बांधावर चढले.

तो लाइनीच्या मधोमध चालत होता, वांगणीच्या दिशेनं, बराच पुढे, लाइनीखालच्या मोरीच्या जवळ पोचलेला. चालत नव्हता, झपाझप पावलं टाकत होता. प्रत्येक पाऊल नेमकं रुळांखालच्या लाकडी स्लीपरवर. एकही पाऊल खडीत पडत नव्हतं. मधेच वाकायचा, हातातल्या दगडानं रुळावर ठोकायचा, कान देऊन ऐकायचा, आणि पुढे. पाठ सरळ. तो माझा म्हातारा नव्हताच. तो मुकादम होता आणि कामावर आला होता.

मी खडीतून धावले. पायात काही नव्हतं. "बाबा! बाबा, चला घरी!"

त्यानं वळून बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जो राग आला तो बघून मी जागच्या जागी थबकले. त्या क्षणी मला भाजीवालीचं बोलणं खरं वाटलं. ह्या माणसानं दांडा उचलला असणार. "बाजूला हो! लाइनीवर बाई कोणी सोडली? काम चाललंय!"

मी त्याचा हात धरला. नेमका मनगटाला. तो किंचाळला, हात हिसडला, आणि त्याच वेळी माझ्या पायाखालचा रूळ बारीक गुणगुणायला लागला. मला आधी कळलंच नाही ते काय आहे. आजूबाजूला काही आवाज नव्हता. उन्हात वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यानं वाकून तळवा रुळावर ठेवला.

"आली," तो शांतपणे म्हणाला. आणि दोन्ही हातांनी मला ढकललं.

मी बांधावरून खाली गडगडले, कोपर खडीवर फुटलं. वर बघते तर विजेचं इंजिन माझ्या डोक्यावरून चालल्यासारखं गेलं, आणि मागून डबे, डबे, डबे. तो पलीकडे गेला की खाली आला, मला दिसलं नव्हतं. मी चाकांच्या मधून बघत होते. काही कापड दिसतंय का, काही लाल दिसतंय का, हेच शोधत होते.

शेवटचा डबा गेला. तो पलीकडच्या लाइनीवर उभा होता, धडधाकट, आणि माझ्याकडे पाठ करून पुन्हा चालायला लागला होता.

मी कोपर धरून बांध चढायला लागले. तेवढ्यात मोरीच्या पलीकडून खाकी चड्डीतला एक गँगमन हातोडा खांद्यावर टाकून येताना दिसला. त्यानं म्हाताऱ्याला पाहिलं, पण धावला नाही. जवळ येऊन सरळ सलाम ठोकला.

"मुकादम, साहेब बोलावतायत. स्टेशनात."

म्हातारा थांबला. "हे कोण बघणार मग?"

"मी बघतो. तुम्ही चला."

आणि तो निमूट त्याच्याबरोबर आला. दहा पावलांत त्याचे पाय लटपटायला लागले. बांध उतरेपर्यंत आम्हा दोघांना त्याला जवळजवळ उचलावंच लागलं.

त्याला मेढीपाशी बसवल्यावर गँगमननं मला बाहेर घेतलं. "नवीन हायस?" त्यानं विचारलं. मी रडत होते. "ही पाचवी खेप. आधी चारदा म्हातारीनं एकटीनं ओढून आणलाय. एकदा रुळावर पडली, तेव्हा दात गेला तिचा. आमच्या पाया पडून सांगितलं, वर कळवू नका, पोराला कळवू नका. तवापासनं बांधते." त्यानं माझ्या कोपराकडे बघितलं. "धुवून टाक ते."

म्हातारी ऊन उतरताना आली. तिनं उघडी पट्टी बघितली, माझं कोपर बघितलं, म्हाताऱ्याचे काळे झालेले तळवे बघितले. मी सगळं सांगितलं, रडत, अडखळत. तिनं ऐकून घेतलं. पाणी आणलं, त्याचे पाय धुतले, तळव्यात रुतलेले खडे नखानं काढले. तो झोपेला आला होता. मग तिनं पट्टी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"आता तू बांध."

"मी नाही आजी. मला नाही जमणार."

"मी एक दिवस मरेन. पडेन. तापानं फणफणेन. तवा कोण बांधल? बांध."

मी बांधली. कापूस घातला, हाडाच्या वर घेतली. तिनं गाठीखालून बोट घातलं. "सैल हाय. परत." मी परत बांधली. तिनं पुन्हा बोट घालून बघितलं, मान डोलावली आणि उंबऱ्यात जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले. काय बोलावं कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "लोक म्हणतात तुम्ही सूड उगवताय. मलाही तसंच वाटलं. माझं चुकलं."

तिनं नखांत अडकलेली माती काडीनं काढली.

"समदंच चुकलं नाय तुझं," ती म्हणाली. "कवा कवा गाठ जोरात मारते मी. मुद्दाम. तवा बरं वाटतं." आणि लगेच, त्याच आवाजात, "भात टाक. त्याला भूक लागल."

त्यानंतर रोज मी बांधत होते. तिनं ते काम माझ्यावर सोपवून टाकलं. तो दर दुपारी म्हणायचा, "सोड गो पोरी," आणि मी म्हणायची, "गाडी जाऊ दे, मग सोडते." सगळ्यात जास्त भीती मला कशाची वाटायची ते सांगते. पहिले काही दिवस मी प्रत्येक गाठीखाली बोट घालून बघायची. मग बघेनाशी झाले. आषाढात तर मी भाजीवालीशी गप्पा मारत, दाराकडे तोंड करून, न बघता गाठ मारायला लागले. आणि एकदा, तो आदल्या दिवशी माझ्या हाताला चावला होता म्हणून, मी ती जरा जास्त ओढली. म्हातारीला कळलं.

पावसाळ्यात त्याचं खाणं सुटलं. श्रावणात तो उठायचाच बंद झाला, बसवलं तरी एका अंगाला कलायचा. एके दुपारी म्हातारी म्हणाली, आज नको बांधू, आता काय जातोय. मी पट्टी खुंटीवरच राहू दिली, त्याला पेज पाजली, तोंड पुसलं आणि उठायला लागले. तर त्यानं दोन्ही हात एकमेकांवर ठेवले, मनगटाला मनगट जुळवलं आणि माझ्यापुढे धरले. वाट बघत राहिला. मी म्हटलं, नको बाबा, आज नको. त्यानं हात खाली घेतले नाहीत. म्हातारी उठून पावसात बाहेर गेली. शेवटी मी पट्टी काढली, त्याच्या हातांवर नुसती ठेवली, तेव्हा कुठे त्यानं डोळे मिटले. पुढे रोज असंच करावं लागलं.

भाद्रपदात, एका सकाळी मी पोचायच्या आधी तो गेला.

पुरुषांनी त्याला अंगणात पाटावर घेतलं. अंघोळीसाठी बंडी काढली आणि मनगटं सगळ्यांना दिसली. जखमा भरल्या होत्या, पण ती दोन काळी वळी तशीच होती. पाणी ओतणारा हात थांबला. बायकांत कुजबुज झाली आणि भाजीवाली मोठ्यानं म्हणाली, "बघा, म्हातारीनं काय करून ठेवलाय."

मुलगा वडिलांच्या डोक्याशी उभा होता. ती मनगटं बघायला डॉक्टरला त्यानंच आणलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं मला मधे पडू नको म्हणून सांगितलं होतं. त्यानं आईकडे बघितलं आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आई, हे काय?"

म्हातारी दारात बसली होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाण्याच्या घंगाळापाशी होते. मी बोलेन असं तिला वाटलं असेल का, मला माहीत नाही. वाटलं असेल तर तिनं फार वेळ वाट बघितली नाही.

"मी बांधायची," ती म्हणाली. "मीच."

मी तांब्या भरला आणि पुढे केला. गँगमन तिथं असता तर बोलला असता. तो ड्यूटीवर होता. मुलानं मान खाली घातली आणि मला दिसलं, त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. मला कसं वाटलं ते मला ठाऊक आहे. मलाही तसंच वाटलं.

तेराव्यापर्यंत मी जात राहिले, कामाला हात लावायला. बायका पानं घेऊन जेवल्या, पण म्हातारीच्या पंगतीला कोणी बसलं नाही. मुलगा तिला अंबरनाथला नेणार असं ठरलं होतं. तो विषय मग निघालाच नाही. शेवटच्या दिवशी मी तिच्या पाया पडले. मला काहीतरी सांगायचं होतं, निदान तिला एकटीला तरी. तिनं मला बोलू दिलं नाही. माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उलटे केले, तळवे बघितले.

"दुसरं घर बघ आता," ती म्हणाली. "हात चांगला हाय तुझा."

पुढच्याच महिन्यात मला अंबरनाथला एका कारखान्यातल्या साहेबाच्या आईकडे काम मिळालं. तिथं पहिल्या दिवशी साहेबांच्या बायकोनं विचारलं, कधी त्रास देणारं माणूस सांभाळलंय का. मी हो म्हटलं.